खासगी गोल्फ कोर्सचा स्वभाव आणि कस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवे सदस्य आणि कुणाचे तरी पाहुणे म्हणून पहिल्यांदाच खेळायला निघालेले लोक, दोघांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. ते इथे सोप्यापासून अडचणीच्या प्रश्नांपर्यंत लावले आहेत. नियमांचा उल्लेख आहे तिथे त्या क्लबचे स्थानिक नियम (स्कोअरकार्डच्या मागे छापलेले) आधी वाचावेत.

१. खासगी कोर्स म्हणजे नेमकं काय? तो अवघडच असतो का?

ज्या कोर्सवर सदस्य आणि त्यांचे पाहुणेच खेळू शकतात, तो खासगी. काही क्लब सदस्यांच्याच मालकीचे असतात, काही एखाद्या कंपनीच्या. काही ठिकाणी ठरावीक वेळी बाहेरच्यांनाही खेळू देतात. अवघडपणाचा मालकीशी संबंध नाही. सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स सार्वजनिक आहे आणि तिथे भल्याभल्यांची भंबेरी उडाली आहे. उलट कितीतरी खासगी कोर्स सदस्यांना सुटीची सकाळ सुखाने घालवता यावी म्हणून मुद्दाम सौम्य ठेवलेले असतात.

फरक पडतो तो वर्दळीमुळे. माणसं कमी चालली की माती कमी दबते, गवत आणखी खाली कापता येतं, फेअरवे (सुरुवातीच्या जागेपासून ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा) टणक ठेवता येतात. शिवाय तेच ते लोक आठवड्यामागून आठवडा खेळत असल्याने झेंडा आडजागी लावायलाही समिती कचरत नाही. पाहुण्याला ती जागा अन्याय वाटते. सदस्य तिथे आधी चारदा फसून शहाणा झालेला असतो.

२. 'या कोर्सला स्वभाव आहे' असं म्हणतात, म्हणजे काय?

मुख्यतः दोन गोष्टी: होल (सुरुवातीपासून भोकापर्यंतचा खेळाचा एकेक टप्पा) जमिनीवर कशी फिरवली आहेत आणि ग्रीन (भोकाभोवतीची बारीक कापलेली जागा) कशी घडवली आहेत. स्कॉटलंडच्या म्युरफील्डवर पहिली नऊ होल बाहेरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, नंतरची नऊ आतून उलट दिशेने. त्यामुळे वारा सतत दिशा बदलून भेटतो, एकदा जमलेला अंदाज दोन होल पुढे उपयोगी पडत नाही. अमेरिकेतल्या पाइन व्हॅलीवर टी (पहिल्या फटक्याची जागा; एका होलवर पुढे-मागे अशा अनेक असतात) आणि फेअरवे यांच्यामध्ये वाळू आणि झुडपांचे पट्टे आहेत. चेंडू हवेतूनच पलीकडे न्यावा लागतो, जमिनीवरून वाट नाही. तिथल्याच ओकमाँटची सारी ख्याती ग्रीनच्या उतारांची आणि वेगाची.

कृत्रिम तळी आणि धबधबे म्हणजे स्वभाव नव्हे. ती सजावट, आणि बऱ्याचदा महागडी.

३. स्कोअरकार्डवरचं कोर्स रेटिंग आणि स्लोप रेटिंग कसं वाचायचं?

कोर्स रेटिंग म्हणजे शून्य हँडिकॅपच्या (स्क्रॅच, म्हणजे ज्याला शॉटची सवलत मिळत नाही अशा) खेळाडूला त्या टीवरून साधारण किती शॉट लागावेत तो आकडा, उदाहरणार्थ ७२.४. सरासरी खेळाडूला, म्हणजे बोगी गोल्फरला, किती लागावेत त्याचंही वेगळं रेटिंग काढतात. या दोहोंतला फरक पुरुषांसाठी ५.३८१ ने आणि स्त्रियांसाठी ४.२४ ने गुणला की स्लोप मिळतो. समजा पुरुषांचं बोगी रेटिंग ९६.२ आहे. फरक २३.८, म्हणून स्लोप १२८. स्लोप ५५ ते १५५ यांच्यामध्ये असतो आणि ११३ हा प्रमाण आकडा धरतात.

इथे सगळ्यात जास्त गैरसमज होतो. स्लोप हे 'कोर्स किती अवघड' याचं माप नाही. चांगल्या खेळाडूच्या मानाने सामान्य खेळाडूला तो किती जास्त झोंबतो, याचं आहे. सरळसोट पण खूप लांब कोर्सचं रेटिंग ७५ आणि स्लोप मध्यम असू शकतो. छोट्या कोर्सवर पाणी आणि दाट झाडी असेल, तर रेटिंग ७० आणि स्लोप १४० असं दिसतं. दोन्ही आकडे सोबतच वाचायचे.

४. माझा हँडिकॅप इंडेक्स १८.० आहे. इथे मला किती शॉट मिळतील?

२०२० पासून लागू असलेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीचं सूत्र असं: इंडेक्स × (स्लोप ÷ ११३) + (कोर्स रेटिंग − पार). प्र. ३ मधल्याच टीवर पार (अपेक्षित शॉटची संख्या) ७२ धरला, तर १८ × १२८ ÷ ११३ = २०.३९, त्यात ०.४ मिळवले की २०.७९, म्हणजे २१ शॉट. पुढच्या टीचं रेटिंग ६९.१ आणि स्लोप ११९ असेल, तर १८.९६ मधून २.९ वजा होऊन १६ उरतात. टी बदलली की पाच शॉट गेले. म्हणून पैज लावण्याआधी कोण कुठल्या टीवरून खेळणार ते ठरवून घ्या.

५. कोणत्या टीवरून खेळावं?

दोन ढोबळ हिशेब प्रचलित आहेत. पाच नंबरच्या आयर्नने (मध्यम पल्ल्याच्या क्लबने, म्हणजे मारायच्या काठीने) जितके यार्ड जातं त्याला ३६ ने गुणा, किंवा ड्रायव्हरच्या (सर्वांत लांब पल्ल्याच्या क्लबच्या) सरासरी अंतराला २८ ने. पाच नंबर १५० यार्ड जात असेल तर ५,४०० यार्ड, ड्रायव्हर २०० यार्ड जात असेल तर ५,६००. त्या आसपासची टी निवडा. सरासरी म्हणजे सरासरी. गेल्या वर्षी उतारावर मागून वारा असताना बसलेला तो एक फटका धरायचा नाही.

मागच्या टीवरून कोर्सचा 'खरा' कस लागतो, हा अहंकाराचा युक्तिवाद आहे. मागे जाऊन प्रत्येक ग्रीनवर लांब पल्ल्याचा 'वुड' क्लब मारावा लागला, तर आर्किटेक्टने आखलेले कोन, वळणं आणि निवडी तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. फक्त दमणूक पोचते.

६. कोर्स ६,२०० यार्डांचाच आहे, पाणीही फारसं नाही. तरी स्कोअर का फुगतो?

कारण चांगला कोर्स ग्रीनपासून मागे वाचायचा असतो आणि आपण तो टीपासून पुढे वाचतो. एक होल घेऊन बघू. पार ४, ३७० यार्ड. ग्रीन तिरकी बसवली आहे: तोंड डाव्या बाजूला पुढे, शेवट उजव्या बाजूला मागे. उजव्या कडेला पुढे खोल बंकर (वाळूचा खड्डा). ग्रीनचा सगळा पृष्ठभाग त्या बंकरकडे कललेला. टीपासून २२० यार्डांवर फेअरवेच्या डाव्या अंगाला एक छोटा बंकर. उजवीकडे मैदान मोकळं.

नवखा खेळाडू डावा बंकर बघतो आणि उजवीकडे मारतो. फटका सुरेख बसतो, चेंडू फेअरवेच्या मधोमध. आता उरले १५० यार्ड, पण झेंडा आणि तो यांच्यामध्ये तो खोल बंकर आहे, आणि या बाजूने ग्रीन आडवी पडल्याने खोली जेमतेम १२ पावलं. तो एक नंबर लांब पल्ल्याचा क्लब घेतो. चेंडू टणक ग्रीनवर आपटून पलीकडच्या बारीक कापलेल्या उतारावरून खाली जातो. तिथून चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) पूर्ण उताराची. थोडी जोरात गेली की चेंडू थेट बंकरात. एकूण सहा शॉट. त्याला वाटतं चिप चुकली. चुकला होता टीवरचा फटका, जो सगळ्यांनी वाखाणला.

डावीकडून, त्या छोट्या बंकरच्या अगदी जवळून, ग्रीन लांबच्या लांब समोर दिसते आणि तोंड उघडं असतं. चेंडू अलीकडे टाकून घरंगळत नेता येतो. म्हणजे बंकर शिक्षा म्हणून ठेवलेला नाही, चांगल्या कोनाची ती किंमत आहे. ज्याला ती द्यायची नाही त्यानेही उजवीकडून झेंड्याचा नाद सोडून ग्रीनच्या डाव्या तोंडाकडे मारावं आणि पाच घेऊन पुढे जावं.

असे डाव नवे नाहीत. स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकच्या 'रेडान' या पार ३ होलची तिरकी, मागे उतरती ग्रीन जगभर नक्कल केली गेली आहे. समोरचा डाव रेडानच्या जातीचा आहे हे ओळखता आलं, तरी अर्धं काम होतं.

७. 'ग्रीन आज १२ आहे' म्हणजे काय? वेग मोजतात कसा?

स्टिम्पमीटरने. ही सुमारे ३६ इंच लांबीची खाचेची धातूची पट्टी. चेंडू खाचेत ठेवून पट्टीचं एक टोक हळूहळू उचलतात; साधारण २० अंशांवर चेंडू आपोआप सुटतो. सपाट जागेवर तीन चेंडू एका दिशेने, तीन उलट दिशेने सोडतात. सरासरी किती फूट गेले तो त्या ग्रीनचा वेग. कल्पना एडवर्ड स्टिम्पसन यांची. १९३५ ची यूएस ओपन स्पर्धा ओकमाँटवर बघताना एक पट (ग्रीनवर भोकाकडे ढकललेला फटका) ग्रीनवरून थेट बाहेर गेलेला त्यांनी पाहिला आणि हा वेग मोजता आला पाहिजे असं त्यांच्या मनाने घेतलं. धातूची सुधारित पट्टी १९७० च्या दशकात यूएसजीए या अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने आणली.

रोजच्या खेळाला ९ ते १० भरपूर. १२ च्या पुढे गोष्टी झपाट्याने बिघडतात, कारण उतार आणि वेग एकमेकांना फुगवतात. ९ वेगाच्या ग्रीनवर जो धक्का सपाटीला चेंडू ९ फूट नेतो, तोच ३ टक्के उतारावर सुमारे १४ फूट नेतो. ग्रीन १२ ची असेल तर तोच धक्का सपाटीला १२ फूट, उतारावर मात्र जवळजवळ २२ फूट. आकडा तीननेच वाढला आणि पट आठ फूट पुढे गेला.

हा वेग येतो ३ मिलिमीटरच्या आसपास कापलेल्या गवतातून, रोलर फिरवण्यातून आणि वाळूच्या पातळ थरांतून. जुन्या, जास्त उताराच्या ग्रीन आजच्या वेगाला नेल्या की झेंडा लावायला जागाच उरत नाही. वेगाचा आकडा क्लबच्या प्रतिष्ठेचा विषय झाला की हेच होतं.

८. मग अशा ग्रीनवर पट मारायचा कसा?

टी टाइमच्या (खेळ सुरू करायच्या ठरलेल्या वेळेच्या) आधी दहा मिनिटं सरावाच्या ग्रीनवर घालवा आणि झेंड्याकडे न बघता मारा: दहा पावलांवरून ग्रीनच्या काठापर्यंत, चढाला आणि उताराला. छोटे पट घोटण्यापेक्षा हा अंदाज त्या दिवशी जास्त कामी येतो. कोर्सवर गेल्यावर दुसरा शॉट झेंड्याच्या खालच्या बाजूला ठेवायचा, मग आठ फूट लांब राहिला तरी चालेल. चढाचे आठ फूट उताराच्या तिनापेक्षा बरे. जास्त वळणाच्या पटाला होल विसरा, वळण जिथे सुरू होतं त्या बिंदूकडे मारा. बहुतेकांचा चेंडू खालच्या बाजूनेच सुटतो, म्हणजे वळण कमी धरलेलं असतं.

९. पिन-शीटवर '१७ / ५ उ' असं लिहिलंय. याचा उपयोग काय?

पिन-शीट म्हणजे त्या दिवशीच्या झेंड्यांच्या जागांचा कागद. इथे झेंडा ग्रीनच्या पुढच्या काठापासून १७ पावलं आत आणि उजव्या काठापासून ५ पावलांवर आहे. ग्रीन ३० पावलं खोल असेल तर मध्य १५ वर, म्हणजे झेंडा मध्याच्या जेमतेम मागे. फेअरवेवरचे आकडे काही क्लब मध्यापर्यंतचे देतात, काही पुढच्या काठापर्यंतचे. पहिल्याच होलवर विचारून घ्या, नाहीतर दिवसभर एक क्लब चुकीचा निघेल.

इथे महत्त्वाचा आकडा दुसरा. झेंडा काठापासून ५ पावलांवर असेल आणि त्या बाजूला बंकर असेल, तर त्या बाजूला चुकलेल्या चेंडूला ग्रीनवर थांबायला पाच पावलंच मिळतात. झेंड्याच्या रंगावरून पुढे-मागे कळण्याची सोय क्लबागणिक बदलते. अमेरिकेतल्या मेरियनवर तर झेंडेच नाहीत, काठीवर वेताच्या करंड्या असतात. त्या फडकत नाहीत, त्यामुळे ग्रीनवरचा वारा दुरून कळत नाही.

१०. बंकरमधून एका फटक्यात बाहेर पडत नाही. काय चुकतं?

आधी वाळू पायाने चाचपा. फटक्यासाठी पाय रोवताना थोडे घोळवलेले चालतात. तळाशी वाळू साधारण १० ते १५ सेंटिमीटर असते, भिंतीवर निम्म्याहून कमी. पातळ किंवा ओल्या वाळूत जास्त बाउन्सचा (फुगीर तळाचा) सँड वेज, म्हणजे बंकरसाठीचा क्लब, आपटून उसळतो आणि चेंडू पलीकडे जातो. तिथे कमी बाउन्सचा वेज. भुसभुशीत वाळूत उलट. चेंडू स्वतःच्या खळग्यात रुतला असेल तर क्लबचं तोंड मिटून खोल मारा. तो बाहेर येईल, पण थांबणार नाही.

२०१९ पासून बंकरमधली पानं, काटक्या, खडे काढता येतात. वाळूची परीक्षा म्हणून हात किंवा क्लब टेकवणं, सरावाच्या फटक्यात किंवा मागे नेताना वाळूला स्पर्श करणं, क्लब चेंडूच्या लगेच पुढे-मागे टेकवणं चालत नाही. अगदीच जमत नसेल तर चेंडू खेळण्याजोगा नाही असं जाहीर करून दोन दंडाच्या शॉटनी तो बंकरच्या बाहेर, झेंडा आणि चेंडू यांच्या सरळ रेषेत मागे टाकता येतो. भिंत डोक्याइतकी असेल तर ही हार नाही, हिशेब आहे.

११. लाल, पिवळ्या, पांढऱ्या खुंट्या: कुठे काय करायचं?

लाल आणि पिवळी म्हणजे दंडक्षेत्र. त्यात पाणी असेलच असं नाही. आतून दंडाशिवाय खेळता येतं, क्लब टेकवलेला चालतो. बाहेर घ्यायचा तर एक दंड. पिवळ्यात दोन पर्याय: मूळ जागेवरून पुन्हा, किंवा चेंडू जिथून आत गेला तो बिंदू आणि झेंडा यांच्या रेषेत मागे. लाल असेल तर तिसराही: त्या बिंदूपासून दोन क्लब-लांबीत, झेंड्याच्या जवळ न जाता.

पांढरी म्हणजे हद्दीबाहेर. एक दंड आणि मूळ जागेवरून पुन्हा. शंका असेल तर पुढे जाण्याआधी 'प्रोव्हिजनल' (तात्पुरता चेंडू) असं मोठ्याने म्हणून दुसरा चेंडू मारा. शोधायला तीनच मिनिटं मिळतात. काही क्लब दोन दंड घेऊन फेअरवेच्या कडेला चेंडू टाकायची मुभा देतात. हा स्थानिक नियम आहे, गृहीत धरू नये. प्रोव्हिजनल मारला असेल तर तो लागूही होत नाही.

एक बारीक गोष्ट: लाल-पिवळी खुंटी आड येत असेल आणि सहज निघत असेल तर काढता येते. पांढरी नाही, ती हलवून फटका मारला तर दंड. आणि खुंटीचं टोक हिरवं असेल तर आत खेळायला मनाई आहे, चेंडू बाहेर घ्यावाच लागतो.

१२. पाहुणा म्हणून जाताना काय सांभाळावं?

कपडे, मोबाइल आणि शूजचे नियम यजमानाला आदल्या दिवशी विचारा. त्याहून जास्त लक्ष पिच मार्ककडे (चेंडू आदळून ग्रीनवर पडलेल्या खळग्याकडे) जातं. फोर्क खळग्याच्या काठाबाहेर खुपसून गवत मध्याकडे ढकला, चहूबाजूंनी, आणि पटरने दाबा. तळ वर उचकटायचा नाही. मुळं तुटतात आणि तिथे तपकिरी ठिपका राहतो. डिव्हॉट (फटक्याने उडालेला गवताचा तुकडा) परत बसवायचा की बियांची वाळू भरायची, हे गवताच्या जातीवर ठरतं, म्हणून स्टार्टरला (पहिल्या टीवर खेळ सुरू करून देणाऱ्याला) विचारा. आणि पुढच्या ग्रुपच्या लगोलग मागे राहा; मागचा ग्रुप तुमच्या मागे आहे यात समाधान मानू नका.

१३. ग्रीनला सगळीकडे भोकं पाडली आहेत. ती बुजवता येतात का?

नाही. पिच मार्क, शूजचे ओरखडे, जनावरांचे ठसे दुरुस्त करता येतात. एरेशनची (माती मोकळी करायला पाडलेली) भोकं देखभालीचा भाग असल्याने त्या मुभेत बसत नाहीत. चेंडू भोकात बसला तरी स्थानिक नियम असेल तरच सूट मिळते.

भोकं पाडतात कारण चालून माती दबते, वरती कुजक्या गवताची गादी साठते आणि पाणी-हवा मुळांपर्यंत जात नाही. पोकळ नळ्यांनी मातीचे दंडगोल उपसून त्या जागी वाळू भरतात. दोन-तीन आठवडे पट उड्या मारतो. हे काम टाळणाऱ्या क्लबची ग्रीन पुढच्या उन्हाळ्यात मऊ पडते आणि मरते.

१४. रात्रभर पाऊस झाला तरी सकाळी ग्रीन कोरडी आणि फेअरवे चिखलाचा, असं कसं?

यूएसजीए पद्धतीच्या ग्रीनखाली सुमारे ३० सेंटिमीटर वाळूचा थर, त्याखाली १० सेंटिमीटर खडी आणि खडीखाली नळ्या असतात. बारीक वाळूतलं पाणी जाड खडीत लगेच उतरत नाही, सीमेवर थोडं अडून राहतं. ते गवताला पुरतं. जास्तीचं नळीतून जातं. फेअरवेखाली बहुधा साधी मातीच.

अशा दिवशी फेअरवेवर चेंडू उचलून, पुसून ठेवायची मुभा जाहीर झाली आहे का ते बघा. जाहीर नसेल तर चिखल लागलेला चेंडू तसाच खेळायचा. स्वतःच्याच खळग्यात रुतलेला चेंडू मात्र फेअरवेवर आणि रफमध्येही (कडेच्या लांब गवतातही) दंडाशिवाय बाहेर घेता येतो, बंकरमध्ये नाही (प्र. १० पाहा).

१५. यजमानाला किंवा कॅडीला नेमकं काय विचारावं?

'किती यार्ड?' हे यंत्र सांगतं. विचारा: इथे चेंडू कुठल्या बाजूला गेलेला चालतो? ग्रीन एकंदर कुणीकडे कलते? पुढचा काठ घरंगळता चेंडू घेतो की थांबवतो? हे प्रत्येक टीवरच विचारावं, ग्रीनवर पोचल्यावर उशीर झालेला असतो.

१६. पाहुणा म्हणून केलेला स्कोअर हँडिकॅपसाठी धरतात का? 'सोडलेल्या' पटांचं काय?

कोर्सला अधिकृत रेटिंग असेल, खेळ नियमांनुसार झाला असेल आणि सोबत निदान एक जण असेल तर धरतात. प्रत्येक होलची कमाल मर्यादा पार + २ + त्या होलवर मिळालेले शॉट इतकी. प्र. ४ मधल्या २१ शॉटवाल्याला स्कोअरकार्डवर स्ट्रोक इंडेक्स २ असलेल्या (शॉट वाटण्याच्या क्रमात दुसऱ्या) होलवर दोन शॉट मिळतात, म्हणून पार ४ वर जास्तीत जास्त ८.

मॅच प्लेमध्ये (होलनिहाय जिंकायच्या खेळात) प्रतिस्पर्ध्याने पट सोडला, म्हणजे न मारताच आत गेला असं मानलं, तर पुरा केला असता तर बहुधा किती झाले असते तो आकडा लिहायचा. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण शॉट मोजायच्या खेळात) पट सोडता येतच नाही. चेंडू होलमध्ये गेलाच पाहिजे. मित्रांत दोन फुटांचे पट उचलायची सवय असलेला खेळाडू क्लबच्या पहिल्या स्पर्धेत याच कारणाने बाद होतो, आणि बहुतेक वेळा पहिल्याच होलवर.